डॉन बॉस्को 'डॉन' नव्हते, ताई

भाच्याचा फिटरच्या कोर्सचा फॉर्म भरायच्या आदल्या रात्री ताईने मला एक फॉरवर्ड पाठवला. खाली तिचे स्वतःचे दोनच शब्द, "पाठवू ना?" संस्था डॉन बॉस्कोवाल्यांची. आणि फॉरवर्डमध्ये काय, तर डॉन बॉस्को हा इटलीतला गुंड होता, टोळी चालवायचा, म्हणून तर नाव 'डॉन'. इंग्रजांच्या आशीर्वादाने तो भारतात आला. जादूटोणा करून पोरं जमवायचा. रस्त्यावरची मुलं धरून आणायचा, फुकट राबवायचा आणि ख्रिस्ती करायचा. शेवटी अर्थातच 'जनहितार्थ पुढे पाठवा'.

आधी ते नाव. बॉस्को हे इटलीतले कॅथलिक धर्मगुरू, म्हणजे पाद्री. इटलीत धर्मगुरूच्या नावाआधी 'डॉन' लावतात. मूळ लॅटिन 'दोमिनुस', म्हणजे स्वामी. तिथे गावच्या पाद्र्याला आजही डॉन अमुक, डॉन तमुकच म्हणतात. गुंडांनाही तो मान चिकटला आणि आपल्यापर्यंत सिनेमातून तेवढाच पोचला. आपल्याकडे थोरला भाऊ दादा आणि हप्ता गोळा करणाराही दादाच. मग काय, थोरल्या भावाला चौकीत नेऊन बसवायचं?

भारतात आला म्हणे! ते ३१ जानेवारी १८८८ ला इटलीतल्या तुरीन शहरात वारले. त्यांच्या संस्थेचे पहिले लोक तंजावरला पोचले १९०६ साली. बोटीत बसवायला माणूसच उरला नव्हता.

जादूचं मात्र अर्धं खरं आहे, मान्य करतो. १८१५ चा जन्म, बेक्की नावाची वाडी, दोन वर्षांचे व्हायच्या आत वडील गेले. जत्रेतल्या डोंबाऱ्यांचे खेळ बघून बघून हा पोरगा दोरीवर चालायला शिकला. दोन झाडांना दोर बांधायचा आणि खेळ दाखवायचा. तिकीट काय, तर आधी जपमाळ म्हणायची आणि सकाळी चर्चमध्ये ऐकलेलं प्रवचन त्याच्या तोंडून पुन्हा ऐकायचं. पुढे किएरी गावी शिकताना हातचलाखी इतकी सफाईदार झाली की काळी विद्या येते म्हणून तक्रार गेली. एका वरिष्ठ पाद्रीबुवांनी जाब विचारायला बोलावलं, तर बोलता बोलता याने त्यांचंच घड्याळ आणि पैशाची पिशवी गायब करून दाखवली. बुवा हसले आणि सोडून दिलं. बॉस्कोंनी लिहिलेल्या आठवणींत हा किस्सा आहे. म्हणजे या आरोपाचा निकाल १८३० च्या दशकातच लागला. फॉरवर्डवाल्यांना निकालाची प्रत मिळालेली दिसत नाही.

आता 'पोरांना फुकट राबवायचा'. इथे माझं डोकं फिरलं.

मी स्वतः सोळाव्या वर्षी एका वर्कशॉपमध्ये लागलो. पहिले सहा महिने लेथला हात लावू दिला नाही. शेठचा चहा आणायचा, बाईंची भाजी आणायची, त्यांच्या पोराला शाळेत सोडायचं, आणि चुकलं की पाठीत पान्याची दांडी. काम शिकवतोय म्हणून पगार नाही. ताईला हे सगळं ठाऊक आहे, त्या पाठीला हळद तिनेच लावलीय.

१८४० च्या दशकातल्या तुरीनमध्ये हेच चालायचं. खेड्यातली, डोंगरातली पोरं बांधकामावर, कारखान्यांत यायची. बॉस्को १८४१ मध्ये पाद्री झाले आणि तुरुंगात कैद्यांना भेटायला जाऊ लागले; तिथे त्यांना अशीच पोरं दिसली. मग त्यांनी काय केलं? पोरांच्या वतीने मालकांशी लेखी करार केले, सरकारी मुद्रांकाच्या कागदावर. फेब्रुवारी १८५२ चा एक करार अजून जपून ठेवलेला आहे. एक सुतार आणि त्याचा शिकाऊ मुलगा. त्यातल्या अटी बघा. दोन वर्षांत सुतारकाम शिकवायचं. धंद्यातलंच काम द्यायचं, वरकाम नाही. झेपेल तेवढंच द्यायचं. चुकलं तर तोंडी सांगायचं, दुसऱ्या कुठल्याही प्रकारे नाही. सणावाराला सुट्टी. रोजी ठरलेली, आणि तीही वाढत जाणारी. खाली मालक, मुलगा, मुलाचा बाप आणि बॉस्को यांच्या सह्या.

"तोंडी, दुसऱ्या कुठल्याही प्रकारे नाही." असा कागद माझ्या शेठपुढे ठेवायला कोणी असतं तर!

पुढे त्यांनी स्वतःच्याच आवारात कार्यशाळा काढल्या. १८५३ मध्ये चांभारकाम आणि शिंपीकाम, मग पुस्तकबांधणी, सुतारकाम, छपाई, लोहारकाम. बाहेरच्या मालकांचा भरवसा नाही, हे करार करून करूनच कळलं असणार.

आणि 'टोळी'? १८ डिसेंबर १८५९ ला त्यांच्या खोलीत अठरा जण जमले, बहुतेक त्यांच्याच हाताखाली वाढलेली तरुण पोरं, आणि सेलेशियन संस्था उभी राहिली. नाव स्वतःचं नाही, संत फ्रान्सिस द सेल्स यांचं. गंमत अशी की संस्थेची घडण कशी असावी हा सल्ला त्यांना दिला रात्ताझ्झी नावाच्या मंत्र्याने, जो १८५५ मध्ये मठ बंद पाडणाऱ्या कायद्यामागे होता.

राहिला धर्म. तर हो, ते पाद्री होते, समाजसेवेची एनजीओ चालवत नव्हते. रोजचा मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, पापनिवेदन, आत्मे तारणं हाच त्यांचा उद्देश, आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. १८७५ मध्ये त्यांनी अर्जेंटिनाला धर्मप्रचारक पाठवले. हे कुणाला खटकलं तर खटकू दे, त्यावर वाद होऊ शकतो. पण तुरीनची ती पोरं जन्मापासून कॅथलिकच होती. त्यांना ख्रिस्ती करायचा म्हणजे पंढरपुरात जाऊन वारकरी करण्यासारखं झालं.

ताई, फॉर्म उद्या पाचपर्यंतच घेतात. दहावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, दोन फोटो आणि सगळ्याच्या झेरॉक्स. मी साडेदहाला गेटवर येतो. आणि ते फॉरवर्ड मावशीच्या ग्रुपवर टाकलं असशील तर आधी तिथून काढ.