ग्रँट मेडिकलच्या दोघी

‘मिसेस वर्ल्ड’ या विवाहितांच्या सौंदर्यस्पर्धेचा इतिहास सांगणारा तुमचा लेख थेट २०२२ च्या विजेत्या सरगम कौशलपासून सुरू होतो, हे मला खटकलं. हा मुकुट भारतात पहिल्यांदा आणला तो २००१ मध्ये पनवेलच्या डॉ. अदिती गोवित्रीकर यांनी. दुसरा यायला २१ वर्षं लागली!

आम्हा गोंयकारांसाठी आणखी एक. १९६६ ची मिस वर्ल्ड रीटा फारिया मूळ गोव्याची, तीही डॉक्टर, आणि दोघीही मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या.

लग्न होऊन फोंड्याला आले तेव्हा ‘आता कसलं नटणं’ हे मी सासरी नाही, माहेरीच ऐकलं. त्या वर्षी अदितीचा पेपरातला फोटो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. अजून आहे.