‘लेक लाडकी’साठी मंडळाकडे पैसे भरावे लागत नाहीत

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘महिला मंडळाचे सभासद व्हा, फी भरा, लेकीच्या नावावर 1 लाख 1 हजार एकदम जमा.’ हे साफ खोटं आहे.

‘लेक लाडकी’ ही राज्य शासनाची योजना आहे. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या घरात 1 एप्रिल 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीसाठी ती आहे. पैसे टप्प्याटप्प्याने मिळतात: जन्मानंतर 5 हजार, पहिलीत 6 हजार, सहावीत 7 हजार, अकरावीत 8 हजार आणि अठरा पूर्ण झाल्यावर 75 हजार. म्हणजे मोठी रक्कम शेवटी, आणि मधले हप्ते लेक शाळेत टिकली तरच. ‘एकदम’ म्हणणारा मेसेज नेमकी हीच अट गाळतो, याचा मला जास्त राग येतो.

अर्ज आपल्या गावच्या अंगणवाडीताईंकडे करायचा. त्याला फी नाही, कुठल्या मंडळाचं सभासदत्व लागत नाही. अमळनेरकडे कापूस वेचणाऱ्या एका मावशींनी आधार, रेशनकार्ड, जन्मदाखला असं सगळं पिशवीत घालून आमच्या महिला मंडळात आणलं, आणि वर पदराला बांधलेल्या नोटाही. नोटा आम्ही परत पदराला बांधायला लावल्या.

आम्ही मंडळाच्या बायका कागद जुळवून देतो, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सोबत जातो. मंजुरी आमच्या हातात नाही. कुणी मंडळाचं नाव सांगून पैसे मागितले तर देऊ नका. दिले असतील तर मेसेज न पुसता पोलीस ठाण्यात दाखवा.