हात पसरलेला मुंगीखाऊ मिठी मागत नसतो

एक ढकलपत्र पुन्हा फिरतंय. दोन पायांवर उभा राहून हात पसरलेला केसाळ प्राणी आणि खाली मजकूर: "हा दक्षिण अमेरिकेतला महाकाय मुंगीखाऊ. आपल्या खवले मांजराचा भाऊ. तोंडात एकही दात नाही, म्हणून पूर्ण निरुपद्रवी. माणूस दिसला की मिठी मारायला असे हात पसरतो. रोज ३०,००० मुंग्या खाऊन वारुळंच्या वारुळं संपवतो. पण संथ, अर्धवट आंधळा आणि मठ्ठ असल्यामुळे उत्क्रांतीच्या शर्यतीत मागे पडला. आता निसर्गनियमानुसार नामशेष होतोय."

दात नाहीत हे खरं. नजर अधू असते हेही खरं. त्याचं बरंचसं काम नाकावर चालतं. बाकी मजकूर तपासायला हवा, आणि त्यातही शेवटचं वाक्य.

आधी चित्र. त्यातला प्राणी महाकाय मुंगीखाऊ नव्हेच. तो आहे तामांदुआ, त्याच्या कुळातला लहान, झाडावर चढणारा नातलग. फिकट पिवळं अंग आणि त्यावर काळी बंडी घातल्यासारखा रंग असला, की समजावं तामांदुआ. महाकाय मुंगीखाऊ नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत दोन मीटरच्या आसपास भरतो, वजन २७ ते ५० किलो. करडं-तपकिरी अंग, गळ्यापासून खांद्याकडे तिरका जाणारा पांढऱ्या कडांचा काळा पट्टा, आणि झोपताना पांघरूण म्हणून अंगावर घेता येईल एवढी झुबकेदार शेपटी. या प्राण्याच्या चित्रांनी भल्याभल्यांना चकवलं आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २०१७ साली ब्राझीलच्या एमास राष्ट्रीय उद्यानातल्या अशाच एका छायाचित्राला बक्षीस मिळालं. रात्रीचं आकाश, चमकणारं वारूळ आणि त्याकडे निघालेला मुंगीखाऊ. पुढच्या वर्षी संग्रहालयाने ते बक्षीस काढून घेतलं, कारण तज्ज्ञांच्या मते चित्रातला प्राणी पेंढा भरलेला होता. छायाचित्रकाराने आरोप नाकारला. वारूळ मात्र खरं होतं म्हणे!

आता मिठी. तामांदुआ असो वा महाकाय मुंगीखाऊ, मागच्या पायांवर उभं राहून, शेपटीचा टेकू घेऊन हात पसरणं हा बचावाचा पवित्रा आहे. पुढच्या पायांना दहा सेंटिमीटरपर्यंत लांब, आत वळलेली नखं असतात. उन्हाने दगडासारखी कडक झालेली वाळवीची वारुळं फोडायची ती हत्यारं. त्यांची धार जाऊ नये म्हणून तो ती आत मुडपून बोटांच्या पेरांवर चालतो. ब्राझीलमध्ये २०१० आणि २०१२ साली दोन माणसं या नखांनी मेली, मांडीची मोठी रक्तवाहिनी फाटून. त्याआधी २००७ मध्ये अर्जेंटिनातल्या एका प्राणिसंग्रहालयात काळजी घेणाऱ्या तरुणीचा असाच मृत्यू झाला. म्हणून त्याला खुनशी ठरवायचं कारण नाही. सुटायला वाट असेल तर तो निघून जातो. २०१२ च्या घटनेत शिकाऱ्याच्या कुत्र्यांनी त्याला घेरलं होतं आणि माणूस सुरी घेऊन पुढे गेला होता. दात नाहीत म्हणून निरुपद्रवी, हे अनुमान मात्र जिवावर बेतू शकतं, आणि ढकलपत्र वाचून सेल्फीला धावणारे लोक जगात सगळीकडे आहेत.

"खवले मांजराचा भाऊ" ही चूक जुनी आणि प्रतिष्ठित आहे. एके काळी युरोपातले शास्त्रज्ञही बिनदाताचे किंवा कमी दातांचे सगळे सस्तन प्राणी एकाच गोणीत भरत: मुंगीखाऊ, झाडाला लोंबकळणारा संथ स्लॉथ, अंगावर कवच असलेला आर्मडिलो, खवले मांजर, आफ्रिकेतला आर्डव्हार्क. पुढे शरीररचनेचा बारकाईने अभ्यास झाला, मग जनुकं वाचता आली आणि गोणी फाटली. मुंगीखाऊचे खरे सगेसोयरे स्लॉथ आणि आर्मडिलो. खवले मांजर निघालं मांसभक्षी प्राण्यांच्या जवळचं. दोन्ही वंश डायनोसॉर पृथ्वीवर असतानाच वेगळे झाले होते. इतकंच काय, खवले मांजर मुंगीखाऊपेक्षा तुमच्या-माझ्या जास्त जवळचं आहे! लांब चिकट जीभ, दात नाहीत, मजबूत नखं, हे साम्य आलं ते एकाच धंद्यामुळे. मुंग्या-वाळवीवर जगायचं तर हीच अवजारं लागतात आणि ती दोन्ही घराण्यांनी स्वतंत्रपणे घडवली.

असाच घोटाळा आपल्या अस्वलाबाबतही झाला होता. ताडोब्यात किंवा बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात दिसणारं हे अस्वलही वाळवी ओढून खातं. १७९१ मध्ये जॉर्ज शॉ यांनी त्याची लांब नखं पाहून त्याला चक्क स्लॉथच्या गटात टाकलं. त्याच्या इंग्रजी नावात स्लॉथ अजून चिकटून आहे. नात्याच्या या गल्लतीने काय बिघडतं? खवले मांजराचं संकट मुख्यतः खवल्यांच्या आणि मांसाच्या तस्करीचं आहे. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र संस्था कोकणात गावकऱ्यांना सोबत घेऊन काम करते ती शिकार थांबवण्यासाठी. मुंगीखाऊचीही शिकार होते, पण त्याचं मोठं दुखणं वेगळं आहे. भाऊ समजून एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर गुण येणार नाही.

३०,००० हा आकडा हवेतला नाही, एका दिवसात तो तेवढे कीटक खाऊ शकतो. "वारुळं संपवतो" हे मात्र उलटं आहे. वारुळाला एक भोक पाडायचं, साठेक सेंटिमीटर लांबीची जीभ मिनिटाला दीडशेच्या वेगाने आतबाहेर करायची आणि सैनिक मुंग्या किंवा वाळवी चावायला धावून आल्या की निघायचं. एका वारुळावर साधारण मिनिटभर, कधी त्याहून कमी. वारूळ मोडत नाही, डागडुजी होते, आणि पुढच्या फेरीला शिधा तयार असतो.

संथपणाचं मूळही याच आहारात आहे. मुंग्यांतून ऊर्जा फार मिळत नाही, म्हणून त्याने खर्चच कमी ठेवलाय. शरीराचं तापमान ३३ अंश सेल्सिअसच्या आसपास, सस्तन प्राण्यांत अगदी कमी. भर उन्हात तो झाडीत सावलीला जातो आणि थंडी वाढली तरी तिथेच आसरा घेतो. त्यामुळे मोकळ्या गवताळ माळावर त्याचं भागतं, ही समजूतही अर्धीच खरी. चरायला माळ लागतो, तसे मधेमधे झाडांचे पट्टेही लागतात. कुरणासाठी सगळी झाडं साफ केली की त्याचा निवाराच जातो.

मग शर्यतीत मागे पडला तो कधी? मुंगीखाऊंच्या कुळाचे जीवाश्म एक कोटी वर्षांहून जुने आहेत. हत्तीएवढे जमिनीवरचे स्लॉथ, त्याचेच नातलग, हजारो वर्षांपूर्वी संपले. हा टिकला. जग्वार आणि प्यूमा यांच्या शेजारी टिकला. 'मठ्ठ' प्राण्याला हे जमत नाही.

त्याला न जमलेली गोष्ट म्हणजे भरधाव ट्रक. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं, तेही सहा महिन्यांच्या गर्भारपणानंतर, आणि ते कित्येक महिने आईच्या पाठीवर बसून फिरतं. आई गाडीखाली आली की पिल्लूही जातं. ब्राझीलच्या मातो ग्रोसो दो सुल राज्यात इकास ही संस्था महामार्गांवरच्या या मृत्यूंचा अभ्यास करते. रस्त्यांवरच्या मृत्यूंमुळे त्याची संख्या वाढण्याचा वेग निम्म्यावर येऊ शकतो, असं तिथल्या संशोधकांचं गणित सांगतं. त्यात अंधश्रद्धेची भर. आपल्याकडे मांजर आडवं गेलं की लोक थांबतात. तिथे मुंगीखाऊ दिसणं अपशकुन मानणारे काही चालक अपशकुन टाळायला गाडी मुद्दाम अंगावर घालतात.

दुसरी गोष्ट आग. लांब, कोरडे केस पटकन पेटतात. १९९४ मध्ये एमास उद्यानातल्या वणव्यात सुमारे ३४० महाकाय मुंगीखाऊ मेल्याची नोंद आहे. उसाचा फड तोडणीआधी पेटवतात तेव्हाही ते आगीत सापडतात. फडातल्या बिबट्याच्या बछड्यांच्या बातम्या वाचणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. आणि सेराडो, म्हणजे ब्राझीलचा विस्तीर्ण झाडी-गवताळ प्रदेश, त्याची निम्मी नैसर्गिक वनस्पती सोयाबीन, कुरणं आणि इतर शेतीखाली गेली आहे. आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत हा प्राणी 'असुरक्षित' आहे. उरुग्वे आणि एल साल्वादोरमधून तो बहुधा संपलाच. यात निसर्गनियम कुठला?

अर्जेंटिनाच्या कोरिएंतेस प्रांतातल्या इबेरा पाणथळीतूनही तो नाहीसा झाला होता. २००७ पासून तिथे अनाथ पिल्लं वाढवून सोडायला सुरुवात झाली. कुणाची आई शिकारीत गेलेली, कुणाची रस्त्यावर. आतापर्यंत शंभरहून अधिक सोडली गेली, आणि तिथे जन्मलेल्यांनाही पिल्लं झाली आहेत. २०२३ मध्ये ब्राझीलच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यातल्या एस्पिनिल्यो उद्यानात कॅमेऱ्याने एक महाकाय मुंगीखाऊ टिपला. त्या राज्यात शंभराहून अधिक वर्षांत त्याची नोंद नव्हती. तो इबेराकडून आला असावा असं अभ्यासकांना वाटतं. हे उद्यान अर्जेंटिना आणि उरुग्वे या दोन्ही सीमांच्या कोपऱ्यात आहे, त्यामुळे उरुग्वेत तो पुन्हा दिसण्याची शक्यता आता निव्वळ कल्पना राहिलेली नाही.