जाहिरात नेटवर्क निवडायचं म्हणजे नुसता डोक्याला ताप

कोणालाही विचारा की द्राक्षशेतीच्या ब्लॉगवर कोणत्या नेटवर्कच्या, म्हणजे जाहिराती पुरवणाऱ्या कंपनीच्या, जाहिराती लावू, लगेच नावांची यादी तोंडावर फेकतात, आणि त्यातले रेट सगळे अमेरिकेतल्या वाचकांचे! अरे माझा वाचक निफाड-दिंडोरीचा द्राक्षवाला आहे, त्याच्या एका क्लिकचे किती मिळतात हे कोणी सांगतच नाही. वर यादी देणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना साइनअपमागे कमिशन मिळतं, म्हणजे सल्ला कुठला, धंदाच तो.

गूगलच्या अॅडसेन्सचे निदान नियम तरी लिहिलेले आहेत, 10 डॉलर झाले की पत्ता तपासायला पोस्टाने पिन येतो, 100 डॉलर झाल्याशिवाय पैसे निघत नाहीत. छोट्या मराठी साइटला तिथवर पोचायला किती वेळ लागतो ते विचारूच नका. म्हणून दुसरीकडे जावं तर पॉपअप. एका नेटवर्कने ऑक्टोबर छाटणीनंतर, ऐन द्राक्षावरच्या डाऊनी रोगाच्या दिवसांत, लेखातल्या फवारणीच्या डोसवरच रमीची जाहिरात टाकली आणि खाली खोटं डाउनलोडचं बटण! शेतकरी बागेत उभा राहून मोबाइलवर वाचतोय हो, औषध किती लिटरला किती ते बघायला आलाय तो, त्याला फसवून मिळालेले दोन रुपये कशाला हवेत मला? तक्रार केली तर ऑटो रिप्लाय. नको त्या कॅटेगरी ब्लॉक करायचा ऑप्शन असतो ना, तो यांच्याकडे नाहीच, आणि हे कळतं कधी, तर त्यांचा कोड साइटवर टाकून झाल्यावर. आधी सांगा ना राव!