सिम्युलेशन झालं म्हणजे प्रयोग झाला?

‘प्रयोगशाळांचे दिवस भरले. आता सगळं सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकावरच्या आभासी प्रयोगात कळतं,’ हे विधान हल्ली मोठ्या खात्रीने पुढे केलं जातं. सोबत तीन दाखले असतात. दाखले खरे आहेत, निष्कर्ष चुकीचा आहे.

पहिला दाखला अणुचाचण्यांचा. सप्टेंबर 1992 नंतर अमेरिकेने एकही अणुस्फोट केला नाही. शस्त्रसाठ्याची तपासणी महासंगणकांवर होते. पण ती सिम्युलेशन्स आधीच्या हजाराहून अधिक स्फोटांच्या नोंदींशी ताडून पाहिलेली आहेत, हे कोणी सांगत नाही. शिवाय प्रयोग थांबले कुठे? कॅलिफोर्नियातल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत हायड्रोजनचे अणू एकत्र जोडून ऊर्जा काढण्यासाठी 192 लेसर इंधनाच्या एका इवल्याशा गोळीवर रोखले जातात. 2012पर्यंतच्या मोहिमेत गणित म्हणत होतं, इंधन पेट घेईल. घेतला नाही. लेसर डागायचे, मोजायचं, गोळीची रचना आणि गणित दोन्ही सुधारायचं, असं करत डिसेंबर 2022मध्ये 2.05 मेगाज्यूल लेसर ऊर्जेतून 3.15 मेगाज्यूल ऊर्जा मिळाली.

दुसरा दाखला अल्फाफोल्डचा, म्हणजे प्रथिनांच्या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या एआय प्रणालीचा. 2024च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमुळे तो हुकमी एक्का झाला आहे. पण मुळात ते सिम्युलेशनच नव्हे. प्रथिनाची घडी कशी पडत जाते याचं गणित ते मांडत नाही; ज्ञात रचनांवरून शिकतं. त्या रचना 1971पासून प्रोटीन डेटा बँकेत साठत आल्या, त्या क्ष-किरण आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांपाशी वर्षानुवर्षं खपलेल्या माणसांमुळे.

तिसरा, गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाश-काळात उठणाऱ्या तरंगांचा. हा सगळ्यांत भक्कम. दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन होताना काय घडेल, हे 2005मध्ये संगणकावर प्रथम नीट सोडवता आलं आणि 2015मध्ये या लहरी टिपणाऱ्या लायगो वेधशाळेला मिळालेला संकेत अशा गणितांशी जुळला. आइन्स्टाइनच्या समीकरणांच्या पोटात काय दडलंय ते संगणकाने बाहेर काढलं, हे काम लहान नाही. पण विश्व ती समीकरणं पाळतं की नाही, हे लायगोनेच सांगितलं.

उरतो खरा मुद्दा: जे मॉडेलमध्ये घातलंच नाही, त्याचं काय? 1980च्या दशकाच्या सुरुवातीची मॉडेलं सांगत होती की फ्रिजमध्ये वापरल्या जाणाऱ्या, क्लोरीन असलेल्या सीएफसी वायूंमुळे वातावरणातला ओझोन हळूहळू, काही दशकांत काही टक्के घटेल. 1985मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँक्लिन यांनी अंटार्क्टिकातल्या हॅली बे इथल्या नोंदी प्रसिद्ध केल्या. ऑक्टोबरातला ओझोन सुमारे 300 डॉब्सन एककांवरून (हे ओझोन मोजायचं एकक) 200च्या आसपास आला होता. कोणत्याही मॉडेलमध्ये हे नव्हतं, कारण त्यांत फक्त वायूंमधल्या अभिक्रिया होत्या. ध्रुवीय ढगांच्या बर्फकणांवर क्लोरीन मोकळा होण्याच्या वाटा तयार होतात, हे गृहीतच धरलेलं नव्हतं. 1987मध्ये विमानं त्या हवेत शिरली आणि क्लोरीन ओझोन नष्ट करतो तेव्हा तयार होणारा क्लोरीन मोनॉक्साइड वाढलेला, ओझोन कोसळलेला, असं मोजमाप घेऊन परतली. ढगांवरच्या अभिक्रिया घातल्यावर मॉडेलंही ओझोनच्या थरातलं हे छिद्र दाखवू लागली.