आपोआप

आपोआप होणाऱ्या गोष्टींवर माझा लहानपणापासून विश्वास आहे. खानदेशात उन्हाळा आपोआप येतो, तो आला की वीज आपोआप जाते, आणि थंडीत शेतावर भरिताचा बेत ठरला की आमंत्रण नसलेली माणसेही आपोआप जमतात. अशा मुलखात वाढलेल्या माणसाने, ऑटोकॅड या नकाशे काढायच्या संगणकप्रणालीत ड्रॉइंग उघडताच आपण लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, आपोआप लोड व्हावी एवढी माफक अपेक्षा केली, तर त्यात काही वावगे होते असे मला आजही वाटत नाही.

धुळ्यात माझे घरांचे नकाशे काढून देण्याचे लहानसे कार्यालय आहे. मंजुरीसाठी जाणाऱ्या नकाशात प्रस्तावित बांधकाम लाल, पाडायचे बांधकाम पिवळे, असे रंगांचे नियम पाळावे लागतात. ते एक वेळ सोपे. खरी कसोटी क्षेत्रफळाची. सातबाऱ्यावर हेक्टर-आर, मंजुरीच्या तक्त्यात चौरस मीटर आणि समोर बसलेल्या मालकाच्या डोक्यात गुंठे, असा हा तीन भाषांचा संसार असतो. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा, म्हणजेच १०८९ चौरस फूट, म्हणजेच सुमारे १०१.१७ चौरस मीटर. आर मात्र नेमका १०० चौरस मीटरचा. या एक-सव्वा चौरस मीटरच्या फरकापायी भावाभावांनी अबोला धरलेला मी पाहिला आहे. म्हणून मी एक स्क्रिप्ट लिहिली. बंद आकृतीवर टिचकी मारली की ती चौरस मीटर, आर आणि गुंठे असे तिन्ही आकडे नकाशावर लिहून मोकळी होई.

ही स्क्रिप्ट ऑटोलिस्प भाषेत आहे. ऑटोकॅडमध्ये ही भाषा १९८६ पासून आहे, आणि तिची पणजी असलेली लिस्प जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली मांडली. या घराण्याचे वैशिष्ट्य म्हणजे कंस. प्रत्येक गोष्ट कंसात, त्या कंसाभोवती कंस, आणि शेवटी उघडलेला प्रत्येक कंस आठवणीने बंद करायचा. श्रीकृष्णाला आयुष्यात एकाच कंसाशी लढावे लागले. माझ्या बावीस ओळींत एकोणसाठ जोड्या होत्या. त्यातला एक जरी बंद करायचा राहिला, तर 'मालफॉर्म्ड लिस्ट ऑन इनपुट' असे एक वाक्य टाकून ऑटोकॅड गप्प बसते. कुठला कंस, कितव्या ओळीतला, हे ते सांगत नाही. माहेरी काय बिनसले हे न सांगता रुसून बसलेल्या सुनेसारखे ते वागते; कारण आपणच ओळखायचे असते.

स्क्रिप्ट अखेर चालली. पण ती लोड करावी लागे. ॲपलोड ही आज्ञा द्यायची, खिडकी उघडायची, फोल्डर शोधायचे, फाईल निवडायची, लोडचे बटण दाबायचे. आणि हे एकदा करून भागत नाही. ऑटोकॅड २००० पासून एका वेळी अनेक ड्रॉइंग उघडता येऊ लागली; मात्र प्रत्येक ड्रॉइंगची चूल वेगळी. एकीत लोड केलेली स्क्रिप्ट शेजारच्या ड्रॉइंगला ठाऊकही नसते. दिवसाकाठी मी पंधरा-वीस ड्रॉइंग उघडतो, आणि तितक्याच वेळा ही पूजा मांडत होतो.

माझ्या कार्यालयात आप्पा आहेत. त्यांची हयात ट्रेसिंग पेपरवर शाईने रेघा मारण्यात आणि चुकलेली रेघ ब्लेडने हलक्या हाताने खरवडण्यात गेली. संगणकावर ते उशिरा आले, पण आले ते संन्याशाच्या वृत्तीने. त्यांना कसलीच स्क्रिप्ट लागत नाही. क्षेत्रफळ मोजून ते शेजारच्या कॅल्क्युलेटरवर १०१.१७ ने भागतात आणि उत्तर वहीत लिहितात. माझी धडपड पाहून त्यांनी एकदाच विचारले, "साहेब, एका वेळेला लोड करायला किती वेळ लागतो?"

"दहा सेकंद," मी म्हणालो.

"बरं," एवढेच म्हणून ते पुन्हा मान खाली घालून कामाला लागले. त्या 'बरं'मुळे मी पुढचे तीन आठवडे घालवले.

पहिला उपाय सोपा होता. ॲपलोडच्याच खिडकीत कोपऱ्यात ब्रीफकेसचे चित्र असते. तिला स्टार्टअप सूट म्हणतात. तिच्यात फाईल टाकली की प्रत्येक ड्रॉइंगबरोबर ती आपोआप लोड होते. मी टाकली, झाली, आणि त्या आनंदात मी सगळ्यांना शेवभाजी खाऊ घातली. हा आनंद आठवडाभर टिकला. मग सुटीत आलेल्या माझ्या भाच्याने, मामाचा संगणक किती अव्यवस्थित आहे या कळकळीने, सगळी फोल्डरे नीट लावून दिली. ब्रीफकेसमध्ये फाईल नसते, फाईलचा फक्त पत्ता असतो, हे मला त्या दिवशी समजले. घर बदलले, पत्ता जुनाच राहिला.

मग मी जाणत्यांचा मार्ग धरला. ऑटोकॅड सुरू होताना काही ठरावीक नावांच्या फाईली शोधते. 'अकॅड डॉट एलएसपी' ही एरवी सत्राच्या पहिल्या ड्रॉइंगपुरतीच लोड होते. 'अकॅडडॉक डॉट एलएसपी' ही प्रत्येक ड्रॉइंगबरोबर. मला दुसरी हवी होती. मी नोटपॅड उघडले, एक ओळ लिहिली, फाईल जतन केली आणि ऑटोकॅड सुरू केले. काहीही झाले नाही. दोन दिवस मी त्या एका ओळीतले कंस मोजत होतो. दोष ओळीत नव्हताच. नोटपॅडने माझ्या फाईलच्या नावामागे गुपचूप 'डॉट टीएक्सटी' हे शेपूट जोडले होते, आणि विंडोजने ते शेपूट मला दिसू नये म्हणून झाकून ठेवले होते. दोघांचाही हेतू चांगलाच असावा.

शेपूट कापल्यावर ऑटोकॅडने फाईल वाचली, आणि आता आतली स्क्रिप्ट सापडत नाही अशी तक्रार केली. पत्ता तर अगदी बरोबर होता: डी ड्राइव्ह, उलटी तिरकी रेघ, आणि पुढे 'नकाशे' या नावाचे फोल्डर, अर्थात रोमन लिपीत. ऑटोलिस्पमध्ये मात्र अवतरणचिन्हांच्या आत उलटी तिरकी रेघ आणि तिच्यापुढे एन हे अक्षर आले, की त्याचा अर्थ 'येथून नवीन ओळ सुरू करा' असा होतो. म्हणजे मी लिहीत होतो 'डी ड्राइव्हवरचे नकाशे' आणि ती वाचत होती 'डी ड्राइव्ह', मग नवी ओळ, आणि मग 'अकाशे'. या नावाचे फोल्डर माझ्याकडेच काय, उभ्या खानदेशात कोणाकडे नसेल. रेघ दोनदा द्यावी किंवा सुलटी द्यावी, एवढाच उपाय असतो. तो सापडेपर्यंत मी फोल्डरला 'घरे' असे नाव देण्याच्या बेतात होतो.

पत्ता सुधारला, तरी स्क्रिप्ट लोड होईना. याचा उलगडा धुळेकरांना लगेच होईल. आमच्या गावात गल्ल्यांना क्रमांक आहेत. समजा, एखाद्या नव्या पोस्टमनला नुसते 'पाटील, धुळे' अशा पत्त्याचे पाकीट दिले. तो पहिल्या गल्लीपासून विचारत निघेल, आणि जो पहिला पाटील भेटेल त्याच्या हातात पाकीट ठेवून घरी जाईल. ऑटोकॅडही शोधमार्गातली फोल्डरे ओळीने धुंडाळते, आणि त्या नावाची पहिली फाईल मिळताच ती लोड करून शोध थांबवते. गेल्या दोन आठवड्यांत वैतागून मी या फाईलच्या प्रती जिथे जागा दिसेल तिथे टाकल्या होत्या. माझ्या संगणकावर आता सात पाटील होते, आणि त्यांतल्या चौघांचे पत्ते चुकीचे होते.

सातांपैकी सहा मी शोधून पुसले, असे मला वाटले. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे.

त्यानंतर प्रत्येक ड्रॉइंगला सुरक्षेची सूचना येऊ लागली: ही फाईल विश्वासू जागेतली नाही, लोड करू का? मीच लिहिलेल्या फाईलबद्दल माझ्याच संगणकाने मलाच असे विचारावे, याचा प्रथम राग आला. पण यामागे इतिहास आहे. २०१२ साली मेड्रे नावाचा एक संगणकी किडा, म्हणजे व्हायरसचाच भाऊबंद, सापडला. मुख्यतः पेरू देशात पसरलेला हा किडा ऑटोलिस्पमध्ये लिहिलेला होता, ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये दडून आपोआप लोड होई, आणि लोकांचे नकाशे ईमेलने परस्पर चीनमधल्या पत्त्यांवर पाठवून देई. मी तीन आठवडे झटूनही जे जमवू शकलो नव्हतो, ते त्याने लोकांच्या संगणकांवर सहज जमवले होते, याचे मला कौतुक वाटल्यावाचून राहिले नाही. पुढे ऑटोकॅड २०१४ मध्ये सिक्युअरलोड नावाचा पहारा आणि विश्वासू फोल्डरांची यादी आली. त्या यादीत मी माझे फोल्डर घातले आणि सूचना थांबली.

एवढे शिकल्यावर माणसाने थांबावे. पण मी आता शहाणा झालो होतो. अकॅडडॉक ही फाईल वरून खाली वाचली जाते, आणि मध्ये एखादी स्क्रिप्ट सापडली नाही तर तिथेच कोलमडून पुढचे सगळे लोड व्हायचे राहते. म्हणून मी तीत एक पूर्वतपासणी घातली: स्क्रिप्ट जागेवर असेल तर लोड कर, नसेल तर एका चौकटीत तसे सांग. काय सांगायचे याचा विचार करताना मला, संगणकाने आयुष्यात एकदा तरी आपल्या घरच्या बोलीत बोलावे, असे वाटले. मी लिहिले: 'फाईल सापडनी नही भाऊ'. भाच्याच्या प्रतापाची आठवण म्हणून ही चौकट एकदा चालवूनही पाहिली. आप्पा हसले. त्यांना मी इतक्या वर्षांत दुसऱ्यांदा हसताना पाहत होतो.

पुढच्या सोमवारी साक्रीच्या एका घराचे नऊ नकाशे मोठ्या कागदावर छापून घ्यायचे होते. पेनड्राइव्हवर सबंध फोल्डर घेऊन मी प्लॉटरच्या दुकानात गेलो. शेठ गल्ल्यावर बसले होते, आणि आतला मुलगा एकेक ड्रॉइंग उघडून छपाई करत होता. ऑटोकॅडच्या नव्या आवृत्त्या ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये अकॅडडॉकसारख्या फाईली शोधतच नाहीत. तो शोध मुळातच बंद ठेवलेला असतो. दुकानातली आवृत्ती मात्र जुनी होती. ती साक्रीच्या फोल्डरमध्ये शिरली, आणि तिथे तिला सातवा पाटील भेटला.

मुलाने सुरक्षेची सूचना पाहिली आणि गर्दीच्या वेळी माणूस जसे दाबतो तसे पहिले दिसेल ते बटण दाबले. फाईल लोड झाली. तिने त्या परक्या संगणकावर माझे 'नकाशे' हे फोल्डर इमानाने शोधले, ते अर्थातच तिथे नव्हते, आणि मग तिने मी शिकवले होते ते केले.

"शेठ," मुलगा आतून ओरडला, "पेनड्राइव्हमा व्हायरस शे! अहिरानी बोली राह्यना!"

दुकानातली सगळी गिऱ्हाइके आत वाकून पाहू लागली. शेठ उठले, चष्मा सारखा केला, पडद्यावरचे वाक्य ओठ हलवत दोनदा वाचले आणि चौकट बंद केली. मुलाने दुसरे ड्रॉइंग उघडले. पुन्हा सूचना आली, पुन्हा चौकट आली. तिसरे उघडले तरी तेच. एखादी गोष्ट प्रत्येक ड्रॉइंगबरोबर न चुकता आपोआप व्हावी, ही माझी इच्छा इतकी तंतोतंत पूर्ण झालेली मी प्रथमच पाहत होतो.

शेठ सावकाश माझ्याकडे वळले.

"साहेब, हाऊ तुमनाच शे का?"

मी "नाही" म्हणालो, आणि त्याच वेळी चौथे ड्रॉइंग उघडले.