इलेक्ट्रिक कारला ‘मनपसंत नंबर मोफत’ मिळतो का? फिरत्या संदेशातील दाव्यांचा प्रतिवाद

नाशिकमधील अनेक सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : केंद्र सरकारने इलेक्ट्रिक गाड्यांची नंबरची फी माफ केली आहे, त्यामुळे मनपसंत नंबर आता मोफत मिळतो, परदेशातल्यासारखे स्वतःचे नावही पाटीवर घेता येते, इलेक्ट्रिक गाडीच्या हिरव्या पाटीला ‘एचएसआरपी’ची, म्हणजे उच्च सुरक्षा नोंदणी पाटीची, सक्ती नसल्याने ती आवडीप्रमाणे बनवून घ्यावी, हिरवी पाटी दिसली की टोल लागत नाही, आणि व्हीआयपी नंबर असला की गाडी विकताना चांगली किंमत येते. संदेशासोबत एका विदेशी गाडीच्या पाटीचे छायाचित्र आहे आणि शेवटी ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा’ अशी विनंती आहे. लोकांनी ती मनावर घेतलेली दिसते.

गाडीचा क्रमांक एकदा नोंदला गेला की पसंती बदलली म्हणून तो बदलून मिळत नाही आणि राखीव क्रमांकासाठी भरलेले शुल्कही परत मागता येत नाही. म्हणून हे दावे एकेक करून तपासणे आवश्यक वाटले. त्यांतला पहिला सर्वांत घातक आहे, कारण त्याच्या मुळाशी एक खरी अधिसूचना आहे.

‘केंद्राने फी माफ केली, म्हणून मनपसंत नंबर मोफत’

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचना काढून बॅटरीवर चालणाऱ्या वाहनांना नोंदणी प्रमाणपत्र देणे, त्याचे नूतनीकरण करणे आणि नवे नोंदणी चिन्ह देणे यांसाठीच्या शुल्कातून सूट दिली, हे अगदी खरे आहे. मात्र ही सूट केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ८१ खालच्या शुल्कापुरती आहे. खासगी मोटारीसाठी त्या तक्त्यातील नोंदणी शुल्क ६०० रुपये आहे. म्हणजे नवी इलेक्ट्रिक कार घेणाऱ्याचे या अधिसूचनेमुळे ६०० रुपये वाचतात. ‘नवे नोंदणी चिन्ह’ हा जो भाग संदेश लिहिणाऱ्याने उचलला आहे, त्याचा संबंध मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ शी आहे. एका राज्यात नोंदवलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवले, तर तिथला क्रमांक घ्यावा लागतो. उदाहरणार्थ, सुरतेत नोंदवलेली गाडी घेऊन कोणी कायमचे नाशिकला राहायला आले, तर त्या गाडीला ‘एमएच १५’चा क्रमांक देताना हे शुल्क लागते. मालकाच्या आवडीच्या क्रमांकाचा विषय या तरतुदीत कुठेही येत नाही.

आवडीच्या क्रमांकाचे शुल्क राज्य सरकार आकारते आणि ते महाराष्ट्र मोटार वाहन नियमांमधील नियम ५४-अ खाली येते. परिवहन विभागाने ऑगस्ट २०२४ मध्ये या शुल्कात मोठी वाढ केली. मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर, कोल्हापूर अशा जास्त मागणीच्या ठिकाणांमध्ये नाशिकचाही समावेश असून, येथे चारचाकीसाठी ०००१ या क्रमांकाचे शुल्क पूर्वी ४ लाख रुपये होते, ते आता ६ लाख रुपये झाले आहे. ०००९, ००९९, ०९९९, ९९९९ आणि ०७८६ या क्रमांकांसाठी चारचाकीला अडीच लाख रुपये मोजावे लागतात. त्याखाली कमी शुल्काच्या पायऱ्या आहेत. दुचाकीचे दर वेगळे आणि बरेच कमी आहेत. परंतु गाडी पेट्रोलवर चालते की बॅटरीवर, यावरून या तक्त्यात फरक पडत नाही. एकाच क्रमांकासाठी एकाहून अधिक अर्ज आले, तर लिलाव होतो आणि सर्वाधिक रक्कम देणाऱ्याला तो क्रमांक मिळतो. चारचाकीच्या चालू मालिकेत (म्हणजे चार आकड्यांआधीच्या अक्षरांच्या गटात) हवा तो क्रमांक शिल्लक नसेल आणि दुचाकीसाठी उघडलेल्या नव्या मालिकेतून तो चारचाकीसाठी हवा असेल, तर तिप्पट शुल्क भरावे लागते. शोरूममध्ये ही तिप्पटची बाब बहुतेकांना अगदी शेवटी कळते.

या दाव्याचा त्रास प्रत्यक्षात कसा होतो, याचे एक उदाहरण इंदिरानगरमधील एका परिचित कुटुंबात पाहायला मिळाले. हा संदेश वाचून त्यांनी मुलीच्या जन्मतारखेचा क्रमांक ‘फुकट मिळणारच आहे’ असे गृहीत धरले. एका मध्यस्थाने ‘सरकारी फी शून्य, फक्त माझे कामाचे पैसे द्या’ असे सांगून रोख रक्कम घेतली आणि प्रत्यक्षात क्रमांक राखून ठेवण्याचा अर्जच केला नाही. विक्रेत्याने नेहमीच्या पद्धतीने नोंदणी केली, मालिकेतला पुढचा क्रमांक आपोआप लागला आणि पाडव्याला गाडी घरी आली तेव्हा पाटीवर भलतेच आकडे होते. राखीव क्रमांकाचे शुल्क शासनाच्या खात्यात जमा होते आणि त्याची पावती खरेदीदाराच्या नावाने निघते, एवढी एक गोष्ट त्यांना ठाऊक असती, तर पैसे हातावर ठेवण्याआधी त्यांनी पावती मागितली असती. पसंतीचा क्रमांक घ्यायचाच असेल, तर परिवहन सेवेच्या ऑनलाइन पोर्टलवर किंवा पेठ रोडवरील प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करून तो गाडीच्या नोंदणीआधी राखून ठेवावा आणि त्याची पावती विक्रेत्याला द्यावी. नोंदणी झाल्यानंतर पावती दाखवून काहीही उपयोग होत नाही.

इलेक्ट्रिक कारला नोंदणीच्या वेळी काहीच सवलत नाही, असा मात्र याचा अर्थ कोणी काढू नये. सवलत आहे आणि ती मोठी आहे. ती मोटार वाहन करात आहे. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील पेट्रोल कारला किमतीनुसार ११ ते १३ टक्के एकरकमी कर भरावा लागतो. १५ लाखांच्या पेट्रोल कारवर १२ टक्क्यांनी हा कर १ लाख ८० हजार रुपये होतो आणि तो इलेक्ट्रिक कारला राज्याच्या धोरणानुसार माफ आहे. ज्या संदेशाला लोकांना खरोखर उपयोगी पडायचे होते, त्याने हा आकडा सांगायला हवा होता. त्याऐवजी ६०० रुपयांच्या माफीला लाखोंच्या क्रमांकाची माफी म्हणून पुढे पाठवले गेले, याचा मनापासून राग येतो, कारण त्यावर विश्वास ठेवणारे बहुतेक लोक आयुष्यातली पहिली नवी गाडी घेणारे असतात.

‘परदेशासारखे स्वतःचे नाव पाटीवर घेता येते’

छायाचित्रातील पाटी विदेशी आहे आणि तिथल्या कायद्यानुसार ती योग्यच असेल. अमेरिकेतील राज्यांमध्ये ठरावीक लांबीच्या मर्यादेत अक्षरे आणि आकडे स्वतः निवडता येतात. कॅलिफोर्नियात अशा पाट्यांना ‘एन्व्हायर्न्मेंटल लायसन्स प्लेट’ असेच नाव असून १९७० पासून त्यांचे शुल्क पर्यावरणविषयक कामांच्या निधीत जाते. आपल्याकडील मोठ्या शुल्काचा असा काही वाटा चार्जिंगच्या सोयींसाठी राखून ठेवला गेला, तर ते स्वागतार्ह ठरेल. पण तो वेगळा विषय आहे. ब्रिटनमध्येही सरकारी यंत्रणा पसंतीचे क्रमांक विकते आणि डिसेंबर २०२० पासून तिथे विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या पाटीच्या डाव्या कडेला हिरवा पट्टा लावण्याची मुभा आहे.

भारतात नोंदणी चिन्हाची रचना ठरलेली आहे : आधी राज्याची अक्षरे, मग कार्यालयाचा क्रमांक, मग मालिकेची अक्षरे आणि शेवटी चार आकडे. नाशिकच्या गाडीला ‘एमएच १५’ लागणारच आणि मालिकेची अक्षरे त्या वेळी जी चालू असतील ती लागणार. मालकाला निवडता येतात ते शेवटचे चार आकडे, तेही शिल्लक असतील तर आणि शुल्क भरून. जन्मतारीख, लग्नाचे वर्ष, वडिलांच्या जुन्या स्कूटरचा क्रमांक अशा गोष्टींसाठी चार आकडे पुरेसे आहेत आणि त्यासाठी कोणी रीतसर पैसे भरत असेल, तर त्यात गैर काहीच नाही. नाव मात्र त्यात बसत नाही.

ते बसवण्याचा आपल्याकडचा प्रकार सर्वांना माहीत आहे. ४१४१ हे आकडे वळणदार काढून ‘दादा’ आणि ८०५५ हे आकडे इंग्रजी अक्षरांसारखे काढून ‘बॉस’ असे वाचायला लावले जाते. ४१४१ हा क्रमांक रीतसर घेणे कायदेशीर आहे. तो ‘दादा’ असा दिसेल अशा रीतीने रंगवणे बेकायदा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांमधील नियम ५० नुसार अक्षरे इंग्रजी आणि आकडे प्रचलित आंतरराष्ट्रीय स्वरूपाचेच असावे लागतात, तर नियम ५१ मध्ये त्यांचे मापही दिले आहे. मोटारीसाठी अक्षराची उंची ६५ मिलिमीटर, जाडी १० मिलिमीटर आणि दोन अक्षरांमधले अंतर १० मिलिमीटर असते. या मापात ‘दादा’ उमटत नाही.

‘हिरव्या पाटीला एचएसआरपीची सक्ती नाही’

हा दावा सरळसरळ खोटा आहे. १ एप्रिल २०१९ पासून तयार झालेल्या प्रत्येक नव्या वाहनाला उच्च सुरक्षा नोंदणी पाटी लागते, मग ते कोणत्याही इंधनावर चालणारे असो. हिरवा रंग हा त्याच पाटीचा एक प्रकार आहे. ऑगस्ट २०१८ मधील अधिसूचनेनुसार बॅटरीवरच्या खासगी वाहनाला हिरव्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे आणि व्यावसायिक वाहनाला हिरव्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरे असतात. शहरात दिसणाऱ्या इलेक्ट्रिक टॅक्सीची आणि शेजाऱ्याच्या इलेक्ट्रिक कारची पाटी शेजारी-शेजारी ठेवली, तर हा फरक लगेच दिसतो.

ज्यांच्याकडे नवी इलेक्ट्रिक कार आहे, त्यांनी खाली वाकून पाटी एकदा नीट पाहावी. वरच्या डाव्या कोपऱ्यात २० मिलिमीटर लांबी-रुंदीचे अशोकचक्राचे क्रोमियमयुक्त होलोग्राम दिसेल. खालच्या डाव्या बाजूला लेसरने कोरलेला किमान दहा अंकी ओळख क्रमांक असेल आणि तो सरकारी नोंदीत त्या गाडीशी जोडलेला असतो. उठावदार अक्षरांवरच्या पट्टीवर ‘इंडिया’ ही बारीक अक्षरे तिरकी छापलेली दिसतील. मागची पाटी एकदाच वापरता येणाऱ्या कुलपी रिव्हेटने बसवलेली असते. तो तोडल्याशिवाय पाटी निघत नाही आणि तोडला की पुन्हा वापरता येत नाही. म्हणजे ‘आवडीची पाटी बनवून घ्या’ या सल्ल्याची पहिली पायरीच मुळात सुरक्षिततेचे कुलूप तोडण्याची आहे. चोरीची गाडी दुसऱ्याच्या क्रमांकावर फिरू नये, यासाठी ही सगळी रचना आहे. रस्त्याकडेच्या दुकानात ॲक्रिलिकची सुंदर हिरवी पाटी करून मिळेलही. पण तिच्यावर ना होलोग्राम असेल ना तो ओळख क्रमांक, आणि कॅमेऱ्याने तिच्यावरचे वळणदार आकडे चुकीचे वाचले, तर चलन भलत्याच माणसाच्या मोबाइलवर जाईल. त्या भलत्या माणसाचा विचार करावा.

पाटीचा खर्च वाचवण्याचा मुद्दाही येथे लागू होत नाही, कारण नव्या गाडीला ही पाटी विक्रेत्यानेच बसवून द्यायची असते.

‘हिरवी पाटी दिसली की टोल नाही’

याचे उत्तर थोडक्यात देता येते. एप्रिल २०२५ मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या ई-वाहन धोरणानुसार मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू येथे इलेक्ट्रिक चारचाकींना पूर्ण टोलमाफी आहे. नाशिककरांसाठी याचा अर्थ असा की, इगतपुरीहून समृद्धीने मुंबईच्या दिशेने गेल्यास तेवढ्या टप्प्यावर माफी मिळते; मात्र इगतपुरीला पोहोचण्याआधी लागणारा घोटीचा नाका राष्ट्रीय महामार्गावर आहे आणि तिथे ही माफी लागू नाही. हिरव्या पाटीच्या भरवशावर फास्टॅगमध्ये पैसे न ठेवता निघालेल्यांची तिथे अडचण होते. शिवाय माफी मिळते ती गाडीच्या नोंदीतील माहितीवरून. पाटी कोणत्या हिरव्या छटेची आहे किंवा तिच्यावरचा क्रमांक किती खास आहे, याला महत्त्व नाही.

‘व्हीआयपी नंबरमुळे विकताना जास्त किंमत येते’

एखाद्या हौशी ग्राहकाने विशिष्ट क्रमांकासाठी चार पैसे जास्त दिले, असे होऊ शकते. त्यावर खरेदीचा निर्णय आधारणे मात्र धोक्याचे आहे. जुनी इलेक्ट्रिक कार पाहायला येणारा जाणकार माणूस आधी बॅटरीची स्थिती विचारतो, गाडी किती वेळा जलद चार्जरवर लावली गेली हे विचारतो आणि बॅटरीची हमी किती उरली आहे ते पाहतो. अनेक कंपन्यांची ही हमी आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी संपेल तोवर असते. गाडीच्या किमतीतला मोठा हिस्सा बॅटरीचा असल्यामुळे भावही त्यावरच ठरतो. चार आकड्यांची हौस दुसऱ्या माणसाला तितकीच असेल, असे मानायला काही आधार नाही. आपल्या मुलीची जन्मतारीख त्याच्यासाठी केवळ एक संख्या असते.

क्रमांकासाठी ठेवलेल्या रकमेचा दुसरा उपयोग काय होऊ शकतो, हेही पाहावे. घरी चार्जिंगसाठी विजेचा दर युनिटला १० रुपये धरला आणि एका युनिटमध्ये गाडी सहा किलोमीटर जाते असे धरले, तर अडीच लाख रुपयांत २५ हजार युनिट, म्हणजे दीड लाख किलोमीटरचा प्रवास होतो. गंगापूर रोडवरून अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारा माणूस जाऊन-येऊन रोज ३० किलोमीटर गाडी चालवत असेल आणि वर्षातले ३०० दिवस कामावर जात असेल, तर त्याच्या सोळा वर्षांहून अधिक काळच्या ये-जा करण्याचा विजेचा खर्च ०७८६ किंवा ९९९९ या एका क्रमांकाच्या शुल्कात निघतो.